अठ्ठावीस महिन्यांच्या आत

पेटंट एजंटच्या परीक्षेत पीसीटीवर एक तरी मोठा प्रश्न येतोच, असं क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं. म्हणून मनवाने ते प्रकरण पुन्हा उघडलं. पीसीटी म्हणजे एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करून दीडशेहून जास्त देशांत पेटंटसाठी नंबर लावून ठेवायची सोय. पहिला अर्ज केल्यापासून बारा महिन्यांत हा अर्ज करायचा, अठरा महिने झाले की तो जगजाहीर होतो, आणि तीस-एकतीस महिन्यांपर्यंत एकेका देशाचं दार ठोठावायचं. पाठांतर झालं होतं, पण जाहीर झालेला खरा अर्ज दिसतो कसा, ते तिने पाहिलं नव्हतं. म्हणून तिने लॅपटॉपवर असे अर्ज जाहीर होतात ते आंतरराष्ट्रीय संकेतस्थळ उघडलं आणि शोधायला जवळचा विषय म्हणून ‘कांदा साठवण’ असं इंग्रजीत टाकलं.

यादीतल्या चौथ्या अर्जावर तिची नजर थांबली. कांद्याच्या चाळीत आतल्या आत सड सुरू झाली की वासावरून आधीच कळवणारी, भोकं पाडलेली नळी. आकृती उघडली. नळीच्या टोकाला तिरकी टोपी होती. टोपी सरळ ठेवली की त्यात कांद्याची साल अडकते, हे कळायला मनवाचा एक अख्खा उन्हाळा गेला होता.

शोधकर्ते दोन. प्राध्यापक रविकांत धर्माधिकारी, म्हणजे तिचे कॉलेजातले मार्गदर्शक, आणि त्यांचा मुलगा सुहास.

“आई,” मनवाने हाक मारली. आवाज शांत होता, म्हणूनच प्रेमलाताई पोळ्या तशाच टाकून बाहेर आल्या.

मनवाने दोन हंगाम त्या नळीवर घालवले होते. कोल्हारच्या मालनबाईंच्या चाळीत ती सडक्या कांद्यांत कोपरापर्यंत हात घालून बसायची. हॉस्टेलच्या मुली तिच्याशेजारी जेवायला बसत नसत. शेवटी नळीने वर काहीही दिसत नसताना सड पकडली, तेव्हा तिने सरांना भीत भीत विचारलं होतं, “सर, याचं पेटंट होईल का?” सर हसले होते. “काम बरंय तुझं. पण शोध वगैरे म्हणू नकोस त्याला. नोकरी बघ आता.” तिने नोकरी बघितली. श्रीरामपूरला ठिबकच्या एका दुकानात चार वर्षं हिशेबाला बसली, आणि तिथूनच या परीक्षेच्या मागे लागली.

“नाव घाल म्हणावं त्यांना,” प्रेमलाताई म्हणाल्या. त्या शाळेत मराठी शिकवायच्या; भांडणातही त्यांची वाक्यं पुरी असत. “तुझा हक्क आहे तो. नीट पत्र लिही.”

दुसऱ्या दिवशी मनवा कोल्हारला गेली. गोरक्षनाथ नावाचा तिथला एक शेतकरी यूट्यूबवर शेतीचा चॅनेल चालवायचा. नळी यशस्वी झाली त्या आठवड्यात त्याने मालनबाईंच्या चाळीत व्हिडिओ केला होता आणि लगेच टाकलाही होता. मनवाने तो ओसरीवर बसून मालनबाईंना मोबाईलवर दाखवला. व्हिडिओत मनवा नळी उघडून टोपी का तिरकी, आत काय बसवलंय, सगळं फोडून सांगत होती. मागे सर पांढऱ्या शर्टात उभे होते आणि हात दाखवून म्हणत होते, “ही सगळी आमच्या या विद्यार्थिनीची कल्पना बरं का.”

“आन आता त्यात तुजं नाव न्हाई व्हय?” मालनबाईंनी विचारलं.

“नाही. सुहासचं आहे.”

“त्या पोराचं? आगं त्यो तर त्या दिशी गाडीतनं उतरला बी न्हवता. घाण वास येतो म्हनून काच लावून बसल्ता.” मालनबाईंनी मोबाईल परत दिला. “मंग काय करती?”

“दोन वाटा आहेत, काकू. माझं नाव घाला म्हणून भांडायचं. नाहीतर हा व्हिडिओ पाठवायचा. व्हिडिओ त्यांच्या अर्जाच्या आधीचा आहे. जी गोष्ट आधीच जगासमोर आली, ती नवी राहत नाही. मग पेटंट कुणालाच नाही.”

“तुला बी न्हाई?”

“मलाही नाही.”

“मंग नाव घालून घे की. येडी का खुळी तू?”

परतीच्या एसटीत उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलेली असताना मनवा विचार करत होती. नाव घातलं तर काय होईल? सुहासच्या खाली तिसरं नाव. सरांच्या केबिनमध्ये समोरची खुर्ची, सह्या, ‘आमची मनवा’. एखाद्या समारंभात सर तिच्या पाठीवर हात ठेवतील आणि लोक म्हणतील, बघा, विद्यार्थिनीलाही विसरले नाहीत. तो हात तिला पाठीवर नको होता. वाटाही नको होता. त्यांच्या हातात काही राहू नये, एवढंच हवं होतं.

पीसीटीच्या प्रकरणात एक छोटा परिच्छेद होता. परीक्षेत क्वचित येतो म्हणून मॅडमनी तो भरभर घेतला होता. अर्ज जाहीर झाल्यावर, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून अठ्ठावीस महिन्यांच्या आत, कोणीही तिऱ्हाईत माणूस फुकटात कळवू शकतो की ही गोष्ट नवी नाही, हा घ्या पुरावा. मनवाने तारीख मोजली. मुदत संपायला थोडेच आठवडे उरले होते.

रविवारी सकाळी तिने काम केलं. व्हिडिओचा दुवा, तारीख दिसणारं चित्र, प्रत्येक वाक्याचं इंग्रजी भाषांतर. सरांच्या वाक्याचंही. अर्जातल्या कुठल्या दाव्याला व्हिडिओतलं कुठलं मिनिट खोटं पाडतं, ते तिने ओळीने मांडलं. ऑनलाइन फॉर्मच्या शेवटी विचारणा होती, नाव गुप्त ठेवायचं का? तिने ‘नाही’ निवडलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहून ते पाठवून दिलं. घाव कोणी घातला, हे सरांना कळायला हवं होतं.

असं काही आलं की अर्जदाराला कळवतात. दोन आठवड्यांनी सर बेलापूरला मनवाच्या घरी आले. सुहास बाहेर गाडीतच थांबला. प्रेमलाताईंनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या नाहीत.

“मनवा, अगं मला एक फोन करायचास,” सर म्हणाले. “तुझं नाव राहून गेलं. आपण घालू. तीस महिन्यांच्या आत घालता येतं.”

“येतं, सर. पीसीटीचा नियम ब्याण्णव बिस.”

सर दचकले. “मग तू पाठवलेलं ते मागे घे.”

“ते मागे घेता येत नाही. आणि आलं असतं तरी घेतलं नसतं.”

“पुण्याची कंपनी नळीच्या हक्कांच्या करारावर सह्या करायला बसली होती! त्यांनी ते वाचलं, आता फोन उचलत नाहीत.” सरांनी कपबशी बाजूला सारली. “तुला कळतंय का, तू स्वतःचंही घालवलंस. तुझीच कल्पना होती ना ती?”

“त्या व्हिडिओनंतर आज पहिल्यांदा म्हणालात.”

“माझ्यावर सूड घ्यायला स्वतःच्या पोटावर पाय?”

“हो सर,” मनवा म्हणाली. “नीट विचार करून.”

सर आईकडे वळले. “ताई, तुम्ही तरी समजवा.”

प्रेमलाताईंना हे मुळीच पटलेलं नव्हतं. त्या दोन आठवडे मुलीशी धड बोलत नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, “चहा गार होतोय तुमचा.”

महिन्याभरात त्या अर्जापुढे ‘मागे घेतला’ अशी नोंद आली. मनवाने ती वाचली, पान पुन्हा उघडून वाचली, आणि मग पंखा लावून दुपारभर गाढ झोपली. जानेवारीत तिने परीक्षा दिली. लेखी बरी गेली, तोंडीत एकदा अडखळली, पण पास झाली. नळीची टोपी आता कोपरगावापर्यंत कोणीही वेल्डरकडून करून घेतं. ती कोणी शोधून काढली, हे कोणी विचारत नाही. त्याचं तिला वाईट वाटतं, आणि तसं वाटतं हे ती नाकारत नाही.

उन्हाळ्यात श्रीरामपूरच्या बस स्टँडवर तिला सुहास दिसला. तोच पुढे आला. “बाबांनी कॉलेज सोडलं. घरीच असतात. कोणाशी बोलत नाहीत. झालं तुझं समाधान?”

भोवती लोक होते. मनवाने स्वतःला थोडा वेळ दिला. कीव येते का, ते पाहिलं. सर एकटे घरात बसलेले तिने डोळ्यांपुढे आणले. पांढरा शर्ट, हातात न उघडलेला पेपर. काहीच हललं नाही.

“झालं,” ती म्हणाली, आणि नगरच्या गाडीत चढून खिडकीची जागा धरली.