दुसरा तक्ता

थोरलीनं सातव्या पानावरच्या एका ओळीभोवती लाल पेनानं गोल काढला आणि त्याच गोलावरून आणखी एकदा पेन फिरवलं. समोर भाजी निवडत बसलेल्या आईनं मान वर केली.

"सापडलं का काही?"

"वाचतेय अजून," थोरली म्हणाली आणि तिनं पान पालथं घातलं.

आईला त्या कागदांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्या पानावर धाकटीचं नाव आहे, एवढं तिला पुरत होतं. धाकटीचा शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात छापून आल्यापासून आईची ती बातमी सगळ्या मावश्यांना, माम्यांना आणि शेजारपाजाऱ्यांना सांगून झाली होती. दूधवालासुद्धा सुटला नव्हता. थोरली कितीतरी वर्षं इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात डॉक्टर होती. तिच्या हातून कोण वाचलं, कोण घरी गेलं, हे मात्र दूधवाल्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं.

निबंध छापून आला तेव्हा थोरलीनं सगळ्यांदेखत धाकटीला मिठी मारली होती. पोटात दुखायला लागलं ते नंतर. धाकटी ज्या संशोधनाच्या जागेवर बसून हे काम करत होती, त्याच जागेसाठी थोरलीनंही एकदा अर्ज केला होता. तो नाकारला गेला हे तिनं घरात कुणाला कळू दिलं नाही, आणि दोन वर्षांनी धाकटीची तिथं निवड झाली तेव्हा पेढ्याऐवजी औषध गिळावं तशा चेहऱ्यानं तिनं अभिनंदन केलं होतं.

निबंधातलं म्हणणं सरळ होतं. हृदय थकून फुफ्फुसात पाणी भरलं की माणूस धापा टाकत इस्पितळात येतो. तिथं आधी एक्स-रे, मग रक्ताचे रिपोर्ट, आणि मग ते पाणी उतरवणारं इंजेक्शन, अशी सगळीकडे पद्धत. धाकटीनं पाच इस्पितळांची माहिती गोळा करून दाखवलं होतं की रिपोर्टची वाट न बघता पहिल्या पाव तासात, अगदी दारातच इंजेक्शन मिळालेली माणसं निम्म्यानं कमी दगावली.

थोरलीच्या विभागात दर गुरुवारी दुपारी असा एखादा नवा निबंध घेऊन त्याची चिरफाड करायची रीत होती. विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे कात्री सर म्हणत, कारण छापलेलं आहे म्हणून खरं मानणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. फळ्यावर ते आधीच एक प्रश्न लिहून ठेवत: 'उद्यापासून काय बदलायचं?' बहुतेक गुरुवारी त्याखाली 'काही नाही' असं लिहून सगळे कामाला लागत. धाकटीचा निबंध त्यांनी नेमका थोरलीला दिला. बहिणीचा आहे, दुसऱ्या कुणाला द्या, असं ती म्हणाली खरी, पण ते तोंडदेखलं होतं, आणि तिनं कागद मात्र हातातून सोडले नव्हते.

तिनं तो तीनदा वाचला. पहिल्यांदा नुसती जळफळली, कारण भाषासुद्धा स्वच्छ होती. दुसऱ्यांदा वय, जुने आजार, औषधं, सगळ्याचा हिशेब धाकटीनं नीट धरलेला दिसला आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या वाचनात, आईच्या स्वयंपाकघरात, ती ओळ सापडली.

काही माणसं दारातून आत येतात आणि पाचव्या मिनिटाला जातात. त्यांना इंजेक्शन द्यायला कुणाला उसंतच मिळत नाही. इंजेक्शन मिळालं नाही म्हणून धाकटीनं त्यांना सरळ 'उशीर झालेल्यां'च्या गटात टाकलं होतं. म्हणजे जे कशानंही वाचले नसते त्यांचे मृत्यू उशिराच्या माथी मारले गेले होते, आणि त्यामुळे लवकर दिलेलं इंजेक्शन होतं त्याहून गुणकारी दिसत होतं. रोज दारात उभ्या असणाऱ्या थोरलीला ती माणसं चांगली ठाऊक होती. तिच्या मनात उकळ्या फुटल्या.

पण खोट सापडली की ती किती खोल आहे हेही मोजायचं, ही कात्री सरांची शिस्त अंगात मुरलेली. निबंधाच्या शेवटच्या पुरवणीत कोण किती मिनिटांनी गेलं ते दिलेलं होतं. थोरलीनं दारातच गेलेली माणसं दोन्ही गटांतून वजा केली. फायदा आता पार पुसला जाणार, अशी तिची खात्री होती. तो घटला, जवळजवळ निम्म्यावर आला, आणि तिथं राहिला. तिनं दुसऱ्या पद्धतीनं करून पाहिलं, तरीही राहिला. इंजेक्शन दारात दिलं तर माणसं वाचत होती.

तिनं दोन तक्ते केले. पहिल्यात खोट, दुसऱ्यात वजाबाकीनंतर उरलेलं सत्य. पहिल्यावर थांबलं असतं तर निबंध तिथंच निकालात निघाला असता, दुसरा तक्ता कुणी मागितला नसता, आणि धापा टाकणारी माणसं पूर्वीसारखीच एक्स-रेच्या रांगेत थांबली असती. हे सगळं तिला स्वच्छ कळत होतं, तरी दुसरा तक्ता ठेवावा की काढावा यात तिचे दोन दिवस गेले. बुधवारी धाकटीचा फोन आला. गुरुवारी ती स्वतः ऐकायला येणार होती. "तुझ्या तावडीतून सुटला तर खरा," ती हसत म्हणाली.

गुरुवारी धाकटी शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसली. थोरलीनं निबंध चांगला मांडला, आधी त्याचे गुण सांगितले आणि मग पहिला तक्ता पडद्यावर आणला.

"म्हणजे दारात गेलेली माणसं उशीर झालेल्यांच्या खात्यात?" कात्री सरांनी विचारलं.

"हो सर."

कुणीतरी हळूच "गेला निबंध" म्हणालं. धाकटीनं घाईघाईनं आपले कागद चाळले आणि ती थांबली. ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. कान लाल झाले.

हा चेहरा थोरलीनं मनातल्या मनात कितीदा पाहिला होता. आता तो खराखुरा समोर होता आणि तिला तो पोटभर पाहायचा होता. तहान नसताना तिनं बाटली उघडली आणि ती सावकाश पाणी प्यायली. समोरच्या दोघांनी वह्या मिटल्या. कात्री सर उठले, फळ्यापाशी गेले आणि प्रश्नाखाली त्यांचं 'काही' एवढं लिहून झालं.

"थांबा सर," थोरली म्हणाली. "अजून एक तक्ता आहे."

तो तिनं दाखवला. वजाबाकी कशी केली, किती उरलं, दुसऱ्या पद्धतीनंही तेच कसं येतं, सगळं सांगितलं. सरांनी उलटसुलट प्रश्न विचारले आणि धाकटीच्या बाजूनं थोरलीच भांडली. शेवटी सरांनी 'काही' पुसलं आणि तिथं लिहिलं, 'इंजेक्शन दारात.' धाकटीकडे वळून ते म्हणाले की नियतकालिकाला दुरुस्ती कळवा, पण म्हणणं तुमचं खरं आहे.

सभा संपल्यावर दोघी बहिणी इमर्जन्सीच्या दाराशी येऊन थांबल्या. धाकटीनं आभार मानले नाहीत.

"दुसरा तक्ता तुझा तयार होता, ताई."

"हो."

"मग पाणी कशाला प्यायलीस?"

घसा कोरडा पडला होता, असं सांगता आलं असतं. थोरलीच्या तोंडून ते निघेना.

"तुझा चेहरा बघायचा होता."

धाकटीनं खांद्यावरची बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"कसा होता?"

"आई तुझं कौतुक सांगत असते ना," थोरली म्हणाली, "तेव्हा माझा होतो तसा."

धाकटीनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अँब्युलन्स दाराला लागली. स्ट्रेचरवर एक बाई ताठ बसून श्वासासाठी तडफडत होत्या, झोपायला तयार नव्हत्या. एक्स-रेला फोन करू का, असं नर्सनं सवयीनं विचारलं. आधी इंजेक्शन भर, थोरली म्हणाली आणि बाईंचं ब्लडप्रेशर बघत त्यांचा हात धरून स्ट्रेचरच्या बरोबरीनं चालू लागली.

वाटेत येऊ नये म्हणून धाकटी भिंतीला चिकटून उभी राहिली. डॉक्टर असूनही कितीतरी वर्षांत तिनं कुठल्या पेशंटला हात लावला नव्हता. ती टक लावून ताईच्या हातांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघायला मात्र थोरलीला आता सवड नव्हती.