जेवणाच्या सुट्टीतला फेरा

दुकानात सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठा असलेला मॅनेजरसुद्धा. मोठ्या मॉलमधलं चपला-बुटांचं दुकान ते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांशी वाकून कंबर धरायची, पण ताईच्या तोंडून कधी कुरकुर ऐकू आली नाही.

जेवणाची सुट्टी झाली की ती पर्स उचलून थेट तळघरातल्या गाडीकडे धावायची. घरी आई होती. आईला हल्ली फारसं काही आठवत नसे. शेजारच्या काकू लक्ष ठेवत, पण आई त्यांच्या हातून जेवायला तयार नसे. लेक समोर बसली की मात्र चार घास पोटात जायचे. तिला भरवून ताई तशीच परत फिरायची आणि स्वतःचा डबा सिग्नलला थांबल्यावर उरकायची. "तुझ्या पोटाला ट्रॅफिक पोलीस लागतो," म्हणून कॅशवरची मैत्रीण चिडवायची.

मग तळघरातल्या पार्किंगचं कंत्राट एका कंपनीला गेलं. दारात आडवा दांडा आला, पावती देणारं मशीन आलं. दुकानातल्या माणसांनाही गिऱ्हाइकांइतकेच पैसे, आणि गाडी बाहेर काढून परत आणली की पुन्हा नव्याने भरायचे. दुपारचा फेरा धरला तर पगाराचा लचका तिथेच तुटणार होता.

ताई मॅनेजरकडे गेली. "साहेब, दुपारपुरती तरी सूट मिळेल का?"

"ताई, मी स्वतः बसने यायला लागलोय," तो नजर टाळत म्हणाला. "वर बोलून पाहिलं. जागा आपली नाही म्हणतात. माझ्या हातात असतं तर तुम्हाला मागायची वेळ आणली असती का?"

तो खोटं बोलत नव्हता. म्हणून तर तिला धड रागावताही येईना.

ती कालव्यापलीकडच्या मोकळ्या जागेत गाडी लावू लागली. पण तिथवर चालत जाऊन यायचं म्हटलं तरी सुट्टी संपायची. तरी काही दिवस तिने जिवाचा आटापिटा केला. धापा टाकत उशिरा काउंटरवर पोचली, बोलणी खाल्ली. पुढे नोकरीवरच गदा येईल असं दिसलं, तेव्हा दुपारचं घरी जाणं थांबलं.

संध्याकाळी काकू दारातच भेटायच्या. "आज पण नाही गं. ताट ढकलून दिलं. बाहेर गाडी वाजली की उठून दाराशी जातात, मग कुणाचं ऐकत नाहीत."

संध्याकाळपर्यंत आईची भूक मरून गेलेली असायची. बघता बघता तिची मनगटं काडीसारखी झाली.

शेवटी परगावचा दादा आला. "माझ्याकडे नेतो. तुझी वहिनी दिवसभर घरात असते."

"रुळेल का रे ती तिथे?"

"इथे उपाशी राहण्यापेक्षा बरं ना?"

ताई उठून आईचे कपडे पिशवीत भरू लागली.

"कुठे चाललोय आपण?" आईने विचारलं.

"दादाकडे."

"आणि तू?"

"मला कामावर जायचंय, आई. येईन मागून."

आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि दादाचा हात धरून जिना उतरली.

दादाकडे सुरुवातीला फार त्रास झाला. पण वहिनी चिवट होती. गोंजारत, दटावत, खोट्या गोष्टी सांगत तिने आईला जेवायला लावलं. महिन्याभराने ताई भेटायला गेली, तर आईच्या गालांवर पुन्हा मांस दिसत होतं. ताई समोर येऊन बसली. आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि वहिनीला हळूच विचारलं, "ह्या बाई कोण?"

"अहो आई, तुमची लेक!"

"हो का? बसा ना," म्हणत आईने पलंगावर थोडं सरकून जागा करून दिली.

ताई बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ वहिनी आली.

"वन्सं, राग नका मानू. त्यांना काही कळत नाही हो."

"राग कसला, वहिनी? तुम्ही तिला जगवलंत." ताईने तिचा हात घट्ट धरला.

आईला ऐकू जाऊ नये म्हणून वहिनीने नळ मोठा सोडला, आणि दोघी ओट्याशी उभ्या राहून रडल्या.