पूर्वेच्या भिंतीचा ओळंबा

मित्रांनो, माझा दोरा वर भिंतीला टेकलेला असतो. खाली, जिथे मी लटकतो, तिथे दोरा आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटं जातात. मागच्या उन्हाळ्यात एकच जात होतं.

ओळंबा म्हणतात मला. पितळेचा, जुना, खाली निमुळता. थॅडियस मोबली या गवंड्याच्या वडिलांनी रेल्वेच्या भंगारातल्या पितळेतून मला ओतून घेतलं. तेव्हापासून मी या घराण्याच्या खिशात आहे. माझं काम सोपं आहे. सरळ खाली लटकायचं, एवढंच; भिंत कललेली असेल तर माझ्या दोऱ्यापाशी फट दिसते.

त्या काळी जॉर्जियातल्या आमच्या गावात भिंत काळ्या गवंड्याने बांधायची आणि पाटी गोऱ्या ठेकेदाराची लागायची. स्वतःच्या नावावर परवाना मिळवणारा थॅडियस हा गावातला पहिला काळा माणूस. त्याची परीक्षेची भिंत तपासायला आलेल्या साहेबाने ती सकाळी मोजली, जेवून येऊन पुन्हा मोजली, मग थॅडियसकडून मला मागून घेऊन तिसऱ्यांदा मोजली.

"अजून मोजायची असेल तर मोजा साहेब," थॅडियस म्हणाला. "मी डबा आणलाय."

त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, अर्डेलाने, कोंबडी तळली आणि मला पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मुलगी व्हर्लीन तेव्हा टेबलाएवढीही उंच नव्हती. माझं तेवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

मग माउंट नेबो हे आमचं लाकडी चर्च उतरवून विटांचं बांधायचं ठरलं. थॅडियस तिथला डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा सेवक होता. तीन भिंती त्याने आणि त्याच्या माणसांनी रचल्या. पूर्वेची मात्र चर्चच्या मंडळींनी स्वतःच्या हातांनी रचायची, आणि कोणी ठेवलेली वीट गवंड्याने हलवायची नाही, असं ठरलं. म्हाताऱ्या बायका टोप्या घालून आल्या. नुकताच नवरा गेलेली सिस्टर ओझीही आली; आमच्या चर्चमध्ये बायकांना सिस्टरच म्हणतात. प्रत्येकाने वीट ठेवण्याआधी तिच्यावर आपल्या मेलेल्या माणसाचं नाव खिळ्याने कोरलं.

थॅडियसचा हात खिशाकडे गेला, तेव्हा अर्डेलाने तो धरला.

"आज तो पितळी शहाणा खिशातच राहू दे. सिस्टर ओझीच्या विटेला वाकडी म्हणालास ना, तर घरी जेवायला येऊ नकोस."

सगळे हसले. थॅडियसही हसला. मी खिशात राहिलो. सगळ्यात वरची, शेवटची वीट अर्डेलाने ठेवली.

भिंत पुष्कळ वर्षं उभी राहिली. पण जराशा कललेल्या भिंतीवर छपराचा भार सरळ उतरत नाही. तो तिला आणखी कलवत राहतो. ही भिंत आत, बाकांच्या बाजूला झुकत होती.

मागच्या शरद ऋतूत अर्डेला गेली. कबरीकडे निघण्याआधी लोकांनी शिडी लावून तिच्या विटेला हात लावला. थॅडियस खाली उभा राहून शिडी धरत होता.

मी पितळेचा आहे. दुःख मला कळतं असं म्हणणार नाही. पण हात कळतो. त्याचा हात आता मला धरायचा तो गार चमचा धरावा तसा. काम तो करत होता. कोट घालून चर्चमध्ये येत होता. व्हर्लीनने वाढलेली मक्याची भाकरी अर्धी खाऊन ताट सरकवत होता. दर रविवारी सगळे गेल्यावर तो मला पूर्वेच्या भिंतीवरून सोडायचा, खालची फट पाहायचा आणि दोरा गुंडाळायचा. सिमेंट पक्कं होतं. भिंत उतरवायची तर विटा फुटणार होत्या. एकही नाव शाबूत निघणार नव्हतं.

एकदा व्हर्लीनने पाहिलं.

"डॅडी, काय म्हणतोय तो?"

"काही नाही. सवय आहे."

मित्रांनो, म्हणून माझी एक विनंती आहे. हत्यारं तेल लावून जपा, पण तेवढ्यावर थांबू नका. मी फट दाखवू शकतो. पुढचं माणसाने बोलायचं असतं.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी प्रार्थनेनंतर मंडळींची बैठक बसली. मुलांचं गायनपथक यंदा वाढलं होतं.

"त्यांना पूर्वेच्या भिंतीखाली बसवू," रेव्हरंड गॅडसन म्हणाले. "जागा भरपूर आहे."

"आणि वरून आमची माणसं ऐकतील," सिस्टर ओझी म्हणाली. "माझा नवरा जिवंतपणी गाण्यात झोपायचा. आता तरी ऐकेल."

हशा झाला. व्हर्लीन हसली नाही. ती वडिलांच्या खिशाकडे पाहत होती. आतमध्ये मी त्याच्या मुठीत होतो.

"डीकन मोबली, बाकं तुम्हीच लावून घ्याल ना?" रेव्हरंडनी विचारलं.

थॅडियस उठला. खिशातल्या मुठीत मला फिरवत उभा राहिला.

"बस रे बाबा, नाहीतर बोल तरी," सिस्टर ओझी म्हणाली. "माझे गुडघे दुखतात तुला बघून."

"तिथे पोरांना बसवायचं नाही," तो म्हणाला. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. "ती भिंत पडेल, सिस्टर. उद्या सकाळी मी ती उतरवतोय. वरून सुरुवात करायची. पहिली वीट अर्डेलाची. ती मीच फोडेन."