विहीणबाई रस्त्यावर

एदिल्साने जेवणाच्या टेबलापाशी असलेली एक खुर्ची उचलली, दार पायाने ढकललं आणि खुर्ची बाहेर फुटपाथवर आणून ठेवली. खुर्ची जड, काळ्या लाकडाची, पाठ अशी ताठ की बसणाऱ्याला आपण कचेरीत आलोय असं वाटावं. समुद्रकाठच्या सिएनागाला तिच्या घरी झुलत्या खुर्च्या होत्या, चांगल्या सहा. इथे डोंगरातल्या तुन्हात झुलायचं कुणाला सुचणार! थंडीने माणूस आधीच हलत असतो.

संध्याकाळचे पाच वाजले होते. समुद्रकाठी या वेळेला अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन दाराबाहेर येते. कुणाची पोर कुणाबरोबर दिसली, आज मासळी कशी होती, कुणाचा पंखा बिघडला, सगळं रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला ओरडून सांगायचं. तिथे पाचनंतर जो घरात बसतो तो आजारी तरी असतो, नाहीतर भांडलेला. आणि इथली गल्ली बघा. सगळी दारं बंद, सगळे पडदे ओढलेले, आणि माणसं इतकी हळू बोलणार की घरात कुणी झोपलंय असं वाटावं. मांजरालासुद्धा अहो-जाहो!

एदिल्सा खुर्चीत बसली, दोन्ही पाय लांब केले आणि येणाऱ्याजाणाऱ्याची वाट पाहू लागली. अंगात लेकीचे दोन स्वेटर होते, एकावर एक.

ती आली होती लेकीच्या, योलिमाच्या बाळंतपणाला. चाळीस दिवस राहायचं, कोंबडीचा रस्सा करायचा, नातीला न्हाऊमाखू घालायचं, असं ठरवून अठरा तास बसमध्ये बसून आली होती. आज बारावा दिवस. एवढ्या दिवसांत तिच्या हाताला साधी पळी लागलेली नव्हती. योलिमाची सासू, एर्मिंडाबाई, मोठी अदबशीर बाई. एदिल्सा स्वयंपाकघराच्या दारात दिसली रे दिसली की म्हणे, "तुम्ही बसा हो, विहीणबाई. तुम्ही पाहुण्या." एदिल्सा पहिल्या दिवशी सहाला उठली, तर रस्सा चुलीवर. मग तिने पाचला उठून पाहिलं, तर रस्सा चुलीवर आणि लंगोट दोरीवर. साडेचारला उठली तेव्हा एर्मिंडा प्यायच्या गरम चॉकलेटच्या पातेल्यात रवी फिरवत होती आणि तेच म्हणाली, तुम्ही बसा.

त्या चॉकलेटमध्ये ती चीजचे तुकडे टाकून देई. एदिल्साने पहिल्या दिवशी कपाच्या तळाशी काय चिकटलंय म्हणून चमच्याने ओढून काढलं, तर हातभर तार निघाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एर्मिंडा हसली नाही. तिने फक्त एक रुमाल पुढे केला.

तर असं. नको तिथे माणसाने कशाला राहावं? "शुक्रवारच्या बसने मी जाते," असं एदिल्साने आज दुपारी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं होतं. योलिमा रडली होती. एर्मिंडाने फक्त बशा उचलल्या होत्या.

पहिले आले कोपऱ्यावरचे तेओदुलो मास्तर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण चालणं अजून वर्गात शिरल्यासारखं. त्यांनी टोपी काढली.

"शुभ संध्याकाळ, बाई. गारठा आहे."

"आहे खरा. बैस ना, गप्पा मारू!"

मास्तर बसले नाहीत. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, मग एदिल्साच्या दोन स्वेटरांकडे.

"घरात... आहेत ना सगळे?"

"आहेत की. सगळे आत आहेत."

"आणि तुम्ही बाहेर."

"मी बाहेर," एदिल्सा खुशीत म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली, फार खेदाने हलवली, आणि टोपी हातातच धरून घाईने पुढे गेले.

पाच मिनिटांत समोरचं दार उघडलं. रोसाल्बा नावाची बाई रस्ता ओलांडून आली. तिच्या एका हातात गुळाच्या गरम पाण्याचा पेला होता, दुसऱ्या हातावर घोंगडी. घोंगडी तिने न विचारताच एदिल्साच्या खांद्यावर टाकली आणि कानाशी वाकून म्हणाली, "काढलं का हो तुम्हाला?"

"कुठून काढलं?"

"घरातून. लाजू नका. एर्मिंडा तशी कडकच आहे. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

एदिल्सा खदखदून हसली. म्हणजे हसायला लागली, आणि मधेच थांबली. पेला दोन्ही हातांत धरून ती त्यात बघत राहिली.

"काढायला आधी आत घ्यावं लागतं, बाई," ती म्हणाली.

झालं! एवढं पुरलं. एर्मिंडा मागच्या दाराने कधीच चर्चला आणि बटाटे आणायला गेली होती, हे एदिल्साला ठाऊक नव्हतं; चर्चपासून घरापर्यंत तीन गल्ल्या, पण तेवढ्या वाटेत ही बातमी एर्मिंडाला दोन जणांनी सांगितली. ती आली ती जवळजवळ पळतच. हातात बटाट्यांची पिशवी, चेहरा लाल, डोक्यावरची शाल घसरलेली. शाल घसरलेली एर्मिंडा त्या गल्लीने कधी पाहिली नव्हती.

"विहीणबाई, आत चला. लोक बघताहेत."

"बघू दे की. लोकांनी बघावं म्हणूनच तर बसलेय."

"लोक म्हणताहेत, मी तुम्हाला घराबाहेर काढलं."

"मी तसं म्हटलं नाही."

"तसं नाही, असं तरी म्हटलंत का?"

मग एदिल्साचं सगळंच एकदम बाहेर आलं, समुद्रकाठच्या आवाजात, रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं.

"अगं, माझ्याकडे बाईमाणूस आलं ना, की मी आधी तिच्या हातात सुरी देते आणि मग पाणी! चल, सोल, बडबड कर, म्हणते तिला. जिला मी काम सांगत नाही ती मला नको असते, ती कधी एकदा जाते असं होतं मला. बारा दिवस तू मला बस म्हणतेस. मला काय कळत नाही?"

एर्मिंडा पिशवी छातीशी धरून उभी राहिली. समोर रोसाल्बाचा पडदा हलला.

"नकोशी?" एर्मिंडा हळूच म्हणाली. "अहो, पाहुण्याला भांड्याला हात लावू दिला तर आमच्याकडे तोंड दाखवायला जागा राहत नाही. तुम्ही सहाला उठलात, म्हणून मी चारला उठायला लागले. तुम्ही पाचला उठलात. मग मी तीनला. आता तुम्ही साडेचारला उठता." तिने श्वास घेतला. "माझ्याच्याने नाही होत हो आता. काल रस्सा ढवळताना मी उभ्या उभ्या झोपले."

एदिल्सा तिच्याकडे बघतच राहिली. आता कुठे तिला त्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. अरे देवा, आणि आपणच हिला दर वेळी आणखी आधी उठवत होतो!

एर्मिंडा आत गेली. दार उघडंच राहिलं. आतून भांड्यांचा आवाज आला, मग काहीतरी फरशीवरून ओढत आणल्याचा. ती बाहेर आली ती तसलीच दुसरी काळी खुर्ची घेऊन. ती तिने एदिल्साच्या खुर्चीला लावून ठेवली, शाल डोक्यावर नीट घेतली आणि साठ वर्षं जिथे राहिली त्या रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदा बसली. मांडीवर परात, पायाशी बटाट्यांची पिशवी. परातीत दोन सुऱ्या. एक तिने मुठीच्या बाजूने पुढे केली.

दोघी सोलू लागल्या. मास्तर परत आले, थबकले, टोपी काढून पुढे गेले.

"तुमच्याकडे सगळं तोंडावर बोलतात," एर्मिंडा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "तर मीही बोलते. शुक्रवारी जाऊ नका."

एवढं बोलताच तिचे कान लाल झाले. आणि जिची जीभ सिएनागाच्या अख्ख्या बाजारात कुणाला आवरली नव्हती, त्या एदिल्साने नुसती मान डोलावली, खाली बघून, आणि बटाट्यावर सुरी चालवत राहिली. डोळ्यांपुढे धूसर झालं होतं. हात चालत होता तो सवयीने, घरी कसावाच्या कंदाची जाड साल काढायची सवय होती त्या सवयीने.

एर्मिंडाने परातीत पाहिलं. मग नीट वाकून पाहिलं.

"अहो, हे काय!" ती कडाडली. एवढा आवाज तिच्यात असेल असं कुणाला वाटलं नसतं. "निम्मा बटाटा सालात गेला! डुकरं पाळलीत की काय मी? बारीक सोला, बारीक!"

समोरचा पडदा चांगला हातभर सरकला. एदिल्साने नाक स्वेटरच्या बाहीला पुसलं. तिचा चेहरा असा उजळला होता की समोरच्या रोसाल्बाला काही उमगेना.

"अजून एकदा ओरड," ती म्हणाली.

एर्मिंडाने पिशवीतला सगळ्यात मोठा बटाटा काढून तिच्या हातात ठेवला.

"बारीक," ती म्हणाली.