आठवी ब

पोपटने तनुजाचं दप्तर बाकावरून उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"पप्पा, काय झालं?" नुकतीच बसलेली तनुजा अर्धवट उठली.

"चल. हा वर्ग नको."

राधा दारापाशी दुसऱ्या एका मुलीच्या आईशी बोलत होती. ती वळून बघत राहिली. शाळेचा पहिला दिवस म्हणून पालकांना वर्गापर्यंत सोडलं होतं आणि आठवी ब चा तळमजल्यावरचा वर्ग माणसांनी, बोलण्यानं, कोऱ्या बुटांच्या वासानं भरून गेला होता. पोपटचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मैदानाच्या टोकाला विजेच्या तारांचा जुना टॉवर उभा होता आणि टॉवरच्या दोन पायांच्या मधोमध कॅनॉलचा दगडी पूल दिसत होता.

बाकी काही ओळखू येण्यासारखं उरलं नव्हतं. बांध गेले होते, ऊस गेला होता, पलीकडच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतल्या दोन कंपन्यांना पोपटच्याच गाड्या माणसं पोचवत होत्या. पण टॉवर आणि पूल होते तिथेच होते. रानातल्या त्यांच्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलं की पूल त्या टॉवरच्या पायांत असाच, एवढाच दिसायचा. लहानपणी त्यानं तो कितीदा तरी तसा पाहिला होता. आता तो पाहताना त्याच्या पायाखाली गुळगुळीत पांढरी फरशी होती.

"अहो, लोक बघतायत," राधा जवळ येऊन हळूच म्हणाली. "झालंय काय ते तरी सांगा."

"ओल आहे इथं."

राधानं नव्या रंगाच्या भिंतींवरून नजर फिरवली आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

ही जमीन त्यांचीच होती. गाव महापालिकेत गेल्यावर पोपटच्या वडिलांनी, गेनबांनी, ती एका शिक्षणसंस्थेला विकली. विकताना एक अट घातली, घरातल्या पोरांना शाळेत प्रवेश मिळाला पाहिजे. अट संस्थेनं मान्य केली. शाळा उभी राहायच्या आधी गेनबा गेले. विहीर मुरूम टाकून बुजवली तेव्हा पोपट तिकडे फिरकला नाही आणि इमारत वर येत होती तेव्हाही नाही. गाड्यांचा धंदा वाढत होता, वेळ नव्हता, असं तो सांगायचा. हडपसरच्या शाळेतून तनुजाचं नाव काढून इथे घालायचं सगळं राधानंच केलं. आपल्या रानात शाळा आहे हे त्याला माहीत होतं. रानात कुठे काय आलं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

मुख्याध्यापिका शर्मिलाबाई सदाशिव पेठेतून रोज स्कूटरवर एवढ्या लांब यायच्या आणि घंटेच्या आधी पोचायच्या. त्यांनी पोपटचं म्हणणं पेन खाली न ठेवता ऐकलं.

"ओल? इमारत परवा-परवाची आहे. अजून रंगाचा वास गेला नाही."

"तरी पण, मॅडम. पोरीला सर्दी होते."

"सर्दी वर्गशिक्षिकेला सांगायची. वर्ग बदलायचं कारण सांगा."

पोपट टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला.

"जमीन तुमची होती, हे मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारतेय. एरवी विचारलंही नसतं. वरच्या मजल्यावर आठवी अ आहे, तिथे बसवते. पण बदल एकदाच. मुली उचलून इकडून तिकडे ठेवायला हे गोडाऊन नाही."

"हो, मॅडम."

तनुजा जिना चढून वर गेली. राधाला गाडीत बसवून तो परत एकदा टॉवरपर्यंत चालत गेला. वर तारांचा तोच बारीक, न थांबणारा आवाज येत होता. लहानपणी हिरा त्याला सांगायची की टॉवर पाढे म्हणतो. नीट ऐकलं तर कितीचा पाढा चाललाय तेही कळतं.

हिरा त्याची थोरली बहीण. ती सातवी पास झाली त्या वर्षी पोपट पाचवीत गेला होता. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती, पुढचं हायस्कूल लोणी काळभोरला. पोरीला रोज एसटीनं तिकडं कोण धाडणार, असं म्हणून गेनबांनी विषय संपवला. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी हिरानं पोपटचा भांग पाडला, त्याला बांधापर्यंत सोडलं आणि ती रानात गेली. दुपारी त्याला वर्गातून बोलवायला माणूस आला, तोपर्यंत विहिरीभोवती सगळं गाव जमलं होतं. पाय घसरला, असं घरात ठरलं. गावात कोण काय बोलत होतं ते काही दिवस कानावर येत राहिलं, मग तेही थांबलं. घरात फोटो लागला नाही. तिचं नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही, आईनं तर नाहीच. पोपट सातवी पास झाला तेव्हा लोणीच्या हायस्कूलला जायला त्याला सायकल आली. त्या सायकलवरून तो टॉवरखालून जायचा आणि जाताना मोठ्यानं गाणी म्हणायचा, वरचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

संध्याकाळी जेवणाआधी त्याची आई, वेणूबाई, स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. तनुजा तिच्याजवळ जाऊन बसली.

"कसा हाय वर्ग?" वेणूबाईंनी विचारलं.

"छान आहे गं आज्जी. पण आधी मला खालचा दिला होता, आठवी ब. तोच जास्त भारी होता. पप्पांनी उगाच चेंज केला."

"तनू, जा, हातपाय धू," पोपट म्हणाला.

"धुतले. आज्जी, तिथली फरशी इतकी गार होती ना! बाहेर एवढं ऊन, आणि तिथे मी बूट काढून पाय ठेवले तर एकदम फ्रिजसारखं."

वेणूबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"खिडकी हाय का त्या वर्गाला?"

"मोठी आहे."

"काय दिसतं तिच्यातनं?"

"काही नाही. ग्राऊंड. तो टॉवर. मागे कॅनॉलचा ब्रिज."

"टॉवराच्या आड दिसतो पूल?"

"आड नाही गं. मध्ये. दोन पायांच्या मध्ये."

वेणूबाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या, पण पानं काड्यांच्या ढिगात पडत होती आणि काड्या परातीत. राधानं ते पाहिलं, परात उचलून ओट्यावर नेली आणि सासूला काही न म्हणता सगळी भाजी परत निवडून घेतली. पोपटनं टीव्हीचा आवाज वाढवला. आई आपल्याकडे बघते आहे हे त्याला कळत होतं. त्यानं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो दिवसभर गाड्यांच्या मागे होता. संध्याकाळी घरी आला तेव्हा तनुजा पुस्तकांना कव्हरं घालत होती आणि प्रत्येकावर वर्ग लिहीत होती. आठवी ब.

"हे काय लिहिलंस?"

"मला परत खाली पाठवलं ना. मॅडम स्वतः घ्यायला आल्या." ती खूष दिसत होती. "तुम्हीच सांगितलं असेल असं मला वाटलं."

पोपटनं राधाकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

सकाळी तनुजाला गेटवर सोडून तो तडक ऑफिसात शिरला. रात्रभर त्यानं मनात वाक्यं जुळवली होती. जमीन आमची होती, शब्द दिला होता, एकदा दिलेला वर्ग परस्पर कसा बदलता. त्यातलं एकही बोलायच्या आधी शर्मिलाबाईंनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बसा. तुमच्या आई काल आल्या होत्या."

पोपट उभाच राहिला.

"दुपारच्या सुट्टीनंतर. चालत आल्या होत्या. वॉचमननं अडवलं तर त्याला म्हणाल्या, मी इथं तुझ्या आधीपासून येतीय. मग त्यानं माझ्याकडे आणलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला म्हणाल्या, माझी मुलगी आठवी ब मध्ये आहे, तिला एकटीला ठेवू नका. मी म्हटलं, आजी, तनुजा तुमची नात, आणि ती आता अ मध्ये आहे. तर म्हणाल्या, तनूचं नाही बोलत मी. हिरा."

त्या खोलीत एक पंखा होता, बाहेर प्रार्थनेसाठी मुलं रांगा करत होती, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. पोपटला हे सगळं ऐकू येत होतं. पण ते नाव त्यानं इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि आता ते एका परक्या बाईनं हजेरी घेतल्यासारखं सरळ उच्चारलं होतं.

"हिरा नावाची आमच्याकडे कुणी नाही, असं मी सांगणार होते," शर्मिलाबाई म्हणाल्या. "पण त्यांचा चेहरा बघून सांगितलं नाही. म्हटलं, चला, वर्ग दाखवते. गणिताचा तास चालू होता. त्या जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या, भिंतीकडची जागा सोडून. पूर्ण तास बसल्या. पोरं आधी हसली, मग त्यांच्या कामाला लागली. मीही उठवलं नाही." त्यांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी अशा गोष्टींना थारा देणारी बाई नाही. पण तास संपल्यावर त्यांनी विचारलं, नातीला इथं बसवाल का, आणि मला नाही म्हणवेना."

पोपटनं खुर्चीची पाठ धरली.

"कोण ही हिरा?" शर्मिलाबाईंनी विचारलं.

"माझी थोरली बहीण."

"कितवीत होती?"

"सातवी पास झाली होती." मग जरा वेळानं, "पहिली आली होती."

शर्मिलाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. तिथूनही टॉवर दिसत होता. विहिरीचं त्यांना कुणी सांगितलं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं नाही.

"मग काय करू?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त खाली आला होता. "बदल एकदाच म्हणाले होते. दोनदा झालाय. तुम्ही म्हणत असाल तर तिसऱ्यांदा करते."

"नको. राहू द्या."

बाहेर येताना तो मुद्दाम तळमजल्याच्या व्हरांड्यातून गेला. प्रार्थना सुरू झाल्यामुळे वर्ग रिकामा होता. बाकांवर दप्तरं होती. तनुजाचं निळं दप्तर शेवटच्या बाकावर होतं आणि तिनंही भिंतीकडची जागा सोडून ठेवलं होतं. कदाचित येता-जाता सोपं पडतं म्हणून असेल. पोपट दारातच उभा राहिला. आत पाऊल टाकावंसं वाटलं आणि टाकवेना. दारातूनही गारवा पायाला लागत होता.

गेटबाहेर गाडीजवळ वेणूबाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, पायात बाहेर जायच्या चपला. घरून चालत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"आई, तू कशाला आलीस?"

"बघायला. बसली का तनू?"

"बसली."

"खालीच ना?"

"खालीच."

त्यानं दार उघडलं. त्या सावकाश चढून बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. पोपटनं गाडी सुरू केली. पण हात गिअरवर ठेवून तो तसाच थांबला. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते आता विचारता आलं असतं. हिरा त्या सकाळी काय बोलली होती, घरातून निघताना तिचा चेहरा कसा होता, पाय खरंच घसरला होता का. त्यानं तोंड उघडलं.

पण आईच आधी बोलली. ती काचेतून शाळेकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर काळजीची आठी होती. कुणाही आईच्या कपाळावर या दिवसांत असते, तशीच.

"काल मी तासभर बसले, पोपट. सगळं इंग्रजीत शिकवत्यात रं. एक अक्षर तिला कळायचं नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तनू हाय शेजारी. ती सांगंल तिला."