ओपलचा डावा हात

ओपल टीगने चक्री बाजूला काढली, गोळ्यांची पाचही घरे रिकामी असल्याची खात्री केली आणि ते आखूड नळीचे, नकटे रिव्हॉल्वर दिव्याखाली आडवे धरले.

टेबलासमोर रॉइस हॅल्डेन उभा होता. तल्साच्या या बंदुकांच्या बाजारात कुणाला टेबल द्यायचे ते तोच ठरवी, आणि स्वतःचा मालही इथेच विकी.

“सावकाश बघ,” तो म्हणाला. “पण हे घेणारा हार्लन, कॉफी संपवून येतोच आहे. त्याला फक्त तुझी चिठ्ठी हवीय. मूळची निळाई, शंभरात सत्त्याण्णव भाग शाबूत.”

“चिठ्ठी मी बघून लिहिते, रॉइस. ऐकून नाही.”

ती पाहू लागली. रिव्हॉल्वर सत्तर वर्षांचे, पण पोलादावरचा काळसर निळा मुलामा कालच चढवल्यासारखा. पुन्हा घासूनपुसून निळे केलेले हत्यार सहसा लगेच चुगली करते. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बसलेल्या असतात, स्क्रूच्या भोकांचे काठ खोलगट झालेले असतात, घोड्यावर भट्टीतून आलेले धुरकट रंग निळाईखाली गाडले गेलेले असतात. इथे अक्षरे नखाला टोचत होती. काठ धारदार होते. घोड्यावरचे रंग जागच्या जागी होते.

“चार जाणकारांनी पाहिलंय,” रॉइस म्हणाला. “चौघांनी तोंडात बोटं घातली.”

ओपलने रिव्हॉल्वर उलटे केले आणि चापाभोवतीच्या कमानीच्या आतल्या बाजूला भिंग नेले. तिथे पॉलिशचे चाक पोहोचत नाही. बोटाला पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून हातानेच घासावे लागते. भिंगाखाली केसाएवढ्या बारीक रेघा दिसल्या. सगळ्या उलट्या बाजूला कललेल्या, डावखुऱ्याने घासल्यासारख्या.

तिने भिंग खाली ठेवले. स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिले. मग गरज नसताना पुन्हा एकदा भिंग लावले.

“हे मूळचं नाही,” ती म्हणाली.

“काय सांगतेस?”

“पुन्हा केलेलं आहे. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात, मस्कोगीला, आमच्या दुकानात. पुराच्या गाळात महिनाभर पडून होतं. अकरा दिवस लागले.”

रॉइस हसला. “ड्वेनचा हात होताच तसा. त्याच्यासारखा कारागीर पुन्हा होणे नाही.”

“ड्वेनला स्क्रू काढण्यापलीकडे धीर नव्हता. हे काम माझं आहे.”

हे वाक्य तिने आजवर कुणाजवळही उच्चारले नव्हते. दुकानाच्या पाटीवर नवऱ्याचे, ड्वेनचे, नाव होते, पावत्यांवरही. एकदा मासिकवाले फोटो काढायला आले, तेव्हा कोरा करकरीत ॲप्रन घालून ड्वेन चाकासमोर बसला होता आणि ओपल फोटोवाल्याच्या शेजारी दिवा धरून उभी होती. त्याला जाऊनही आता नऊ वर्षे झाली होती.

रॉइस टेबलावर वाकला. आवाज खाली आला. “बरं, तुझं तर तुझं. मग तर उत्तमच. चौघांना दिसलं नाही ते हार्लनला काय कपाळ दिसणार आहे?”

“मला दिसलं ना.”

“ओपल, एप्रिलच्या बाजारात जागेची अडचण आहे. सगळ्यांनाच टेबल मिळेल असं नाही.”

“नको देऊस. पार्किंगमध्ये गाडीचा मागचा दरवाजा उघडून बसेन. दिवा माझा बॅटरीवर चालतो.”

तिने फॉर्म पुढे ओढला. ‘निळाई : मूळची नाही.’ काम कुणी केले हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती. तिने समासात एक रेघ मारली आणि तिच्यावर स्वतःचे पूर्ण नाव लिहिले.

हार्लन आला. ट्रक दुरुस्त करणारा, थोराड, पन्नाशीचा गडी. हातात अजून कागदी कप होता. रॉइसने कागदासाठी हात पुढे केला. ओपलने त्याच्या हातावरून कागद थेट हार्लनला दिला.

त्याने तो दोनदा वाचला. “म्हणजे हे खोटं आहे?”

“रिव्हॉल्वर खरं आहे. रंग माझा आहे.”

हार्लनने ते दिव्याखाली फिरवून पाहिले. “मला तर बापजन्मात कळलं नसतं.”

“कळू नये म्हणूनच अकरा दिवस घातले होते.”

तिच्या आवाजात दिलगिरी नव्हती. रॉइसने रिव्हॉल्वर उचलले आणि तिच्याकडे न बघता तो चालू लागला.

हार्लन मात्र गेला नाही. त्याने बगलेतल्या पिशवीतून एक फडके काढून उलगडले. आत तसेच एक नकटे रिव्हॉल्वर होते.

“हे आमच्या बाबांचं. शेरीफच्या कचेरीत होते, सव्वीस वर्षं कमरेला असायचं. पार कळकटलंय.” तो घुटमळला. “त्याच्यासारखं करून द्याल का, मिस ओपल? म्हणाल तेवढे दिवस थांबतो.”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हे काम तिच्या नावाने मागत होते. तिची बोटे आधीच पुढे गेली होती. तिने चक्री उघडून पाहिली, मग रिव्हॉल्वर दिव्याखाली धरले. म्यानाच्या चामड्याने घासून नळीचे तोंड पांढरे पडले होते. तळहाताच्या घामाने मुठीमागची पट्टी तपकिरी झाली होती. कमानीच्या आत तिने भिंग नेले आणि बराच वेळ ते तिथेच ठेवले; घासल्याची एकही रेघ नव्हती.

“करता येईल,” ती म्हणाली. “अगदी नव्यासारखं.”

हार्लनचा चेहरा उजळला.

“म्हणूनच करणार नाही. याला कुणालाही हात लावू देऊ नका. मलासुद्धा.”

तिने दुसरा फॉर्म घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिले : ‘निळाई : मूळची. शंभरात साठ.’

हार्लनने मान वाकडी करून वाचले. “साठच?”

“साठच,” ओपल सही करत म्हणाली. “पण साठच्या साठ त्याचे स्वतःचे.”