टर्बोला दिलेला होकार

माझे यजमान इंजिन मेकॅनिक, आणि माझा धाकटा भाऊ नकाशाच्या कचेरीत. दोघांनी मिळून दोन आसनांचं विमान बांधायला घेतलं, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, चला, मेव्हण्या-मेव्हण्यांचं गूळपीठ जमलं एकदाचं. चार वर्षं प्रत्येक सुट्टी शेडमध्ये गेली. इंजिन ठरलं रोटरी. त्यात पिस्टन नसतात, पोटात तिकोनी रोटर गरगर फिरतो.

भांडण लागलं ते टर्बोवरून.

"दाजी, उंचावर हवा विरळ. तुमचं साधं इंजिन डोंगर बघूनच धापा टाकेल, अगदी तुमच्यासारखं," भाऊ म्हणाला. "टर्बो असला की हवा कोंबून भरेल."

"टाकू दे धापा. चालत तर राहील!" हे म्हणाले. "रोटरीचा धूर मुळातच आगीसारखा, आणि टर्बो फिरणार त्याच धुरावर. आजूबाजूचं सगळं भाजून निघेल. त्यापेक्षा डोंगराला वळसा घाल."

दोघंही हट्टी. पंधरा दिवस अबोला. शेवटी मीच कंटाळून ह्यांना म्हटलं, "बसवा की तो टर्बो. लहान आहे तो. किती मन मोडायचं त्याचं?"

ह्यांनी बसवला. मनाविरुद्ध, पण काम चोख. तेलाच्या नळीवर उष्णता अडवणारं वेष्टण दुहेरी घातलं.

सहा महिने विमान झकास उडालं. भाऊ ह्यांना चिडवायचा आणि हेही हसून घ्यायचे. मग एका स्वच्छ सकाळी तो एकटाच डोंगरापलीकडे निघाला, तो पोचलाच नाही. दुपारी उतारावर विमान सापडलं. भाऊ आतच होता.

तपासणीवाल्यांनी ह्यांना बोलावून ती नळी दाखवली. टर्बोशेजारी भाजून तडकलेली. तेल सांडून गेलं आणि इंजिन जाम झालं.

हे तिथून थेट माझ्या आईसमोर जाऊन बसले. "माझ्या हातचं काम होतं, आई." एवढंच म्हणाले.

आईनं तोंड फिरवलं. मला ते बघवेना.

"हे नकोच म्हणत होते गं," मी म्हटलं. "मी भरीला घातलं."

ती माझ्याकडे वळली. "कुणा एकाला तरी बोल लावता आला असता," ती म्हणाली, "तर जरा रडले तरी असते."

हे आता पाण्याचे पंप दुरुस्त करतात. शेड दुसऱ्याला दिली. भावाचा विषय निघाला की आम्ही दोघंही एकदमच "माझंच चुकलं" म्हणतो.